जिवाणू सगळं खातात? मग उष्टं काय ठेवतात तेही बघा

आत्याने रात्री साडेअकराला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘म्हणजे आता विहिरीचं पाणी प्यायला हरकत नाही ना?’ तिच्या विहिरीच्या पाण्यात तपासणीत ट्रायक्लोरोइथिलीन निघालं आहे. यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस धुवायला वापरतात ते द्रावण. पाण्यापेक्षा जड, त्यामुळे जमिनीत मुरलं की खाली खाली उतरत जातं. एरवी असले फॉरवर्ड मी न उघडता पुढे सरकतो. हा शेवटपर्यंत वाचला आणि झोप उडाली.

त्याचं म्हणणं असं. निसर्गात प्रत्येक विष खाणारा जिवाणू असतोच. कुठलंही रसायन असो, जिवाणू त्याला चार दिवसांत सरावतात. पारा-शिसंसुद्धा पचवतात. प्लास्टिक खाणाराही आता सापडलाय, तेव्हा प्रदूषणाची भीती हा नुसता धंदा आहे. शेवटी कृती: साखरेच्या पाण्यात मूठभर माती सात दिवस आंबवा, विहिरीत ओता, महिन्याभरात पाणी शुद्ध.

आधी कृतीचंच बघू. बाकीची बडबड थांबू शकते.

ही कृती साफ निकामी असती तर मी एवढा चिडलो नसतो. घोळ असा आहे की ती अर्धी चालू शकते. साखर आंबली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन तयार होतो. आपण जसा श्वासासाठी ऑक्सिजन वापरतो, तसे काही जिवाणू अशा ठिकाणी क्लोरीनवाली रसायनं वापरतात. ट्रायक्लोरोइथिलीनच्या रेणूवर क्लोरीनचे तीन अणू असतात. जिवाणू ते एकेक करून काढतात: तीनाचे दोन, दोनाचा एक. एकच उरला की त्या रेणूला म्हणतात व्हायनिल क्लोराइड. तोही गेला तरच निरुपद्रवी इथिलीन उरतं.

पहिला क्लोरीन काढणारे जिवाणू बरेच आहेत. शेवटचा काढणारे फार थोडे. ते नसले की गाडी मध्येच अडते आणि पाण्यात व्हायनिल क्लोराइड साचत जातं. माणसाला त्यामुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. ट्रायक्लोरोइथिलीनही काही साधू नाही, पण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेल्या मर्यादा बघा: ट्रायक्लोरोइथिलीन लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम, व्हायनिल क्लोराइड २. आता समजा, आत्याने महिन्याने पाणी पुन्हा तपासलं आणि अहवालात रकाना एकच, ट्रायक्लोरोइथिलीनचा. आकडा उतरलेला दिसेल. फॉरवर्ड खरा ठरेल. ती ग्लास भरून घेईल.

हे मी मनाने रचत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत एका जिवाणूचं वर्णन छापलं. सांडपाणी प्रकल्पाच्या गाळातून वाढवत आणलेला हा जिवाणू आज डीहॅलोकॉकॉइड्स नावाने ओळखला जातो. क्लोरीन काढत काढत थेट इथिलीनपर्यंत पोचणारा एकटा जिवाणू तेव्हा पहिल्यांदा हाती लागला. आणि त्याचे नखरे किती! क्लोरीनवाल्या रसायनांखेरीज त्याला दुसऱ्या कशावर श्वास घेता येत नाही. ऑक्सिजन सोसत नाही. ब-१२ जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही, शेजाऱ्यांकडून घ्यावं लागतं. इतर जिवाणूंचा अर्क घातल्याशिवाय तो प्रयोगशाळेत नीट वाढेना. एवढं करून शेवटची पायरी तो रडतखडतच चढतो, कारण तिच्यातून त्याला वाढीपुरती ऊर्जा मिळत नाही. व्हायनिल क्लोराइडवर स्वतः वाढणारा त्याचा भाऊबंद २००३ मध्ये जाहीर झाला.

म्हणून हे काम जाणणारी माणसं आधी भूजलात शेवटच्या पायरीचं जनुक आहे का ते तपासतात. नसेल तर हवा लागू न देता वाढवलेला जिवाणूंचा समूह जमिनीत सोडतात आणि मग तिन्ही रसायनांचे आकडे महिनोनमहिने बघत बसतात. काकवीसारखा गोड पदार्थ तेही कधीकधी वापरतात, हे मान्य. पण ते मोजत असतात. उघड्या बादलीतली वरवरची माती म्हणजे तो समूह नव्हे. शिवाय पाण्यातला ऑक्सिजन संपला की जमिनीतलं लोखंड, मँगनीज, असेल तिथे आर्सेनिकसुद्धा विरघळून पाण्यात उतरू शकतं.

‘जिवाणू सरावतात’ यात तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. ॲट्राझिन हे तणनाशक १९५०च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि बरीच वर्षं चिवट मानलं गेलं. १९९०च्या दशकात त्यातल्या नायट्रोजनवर वाढणारे जिवाणू मिळाले. त्यांचं पहिल्या पायरीचं विकर (एन्झाइम) मेलामाइन तोडणाऱ्या दुसऱ्या एका विकराशी ताडून पाहिलं, तर ४७५ अमिनो आम्लांपैकी फरक फक्त ९ ठिकाणी. एवढ्याशा फरकाने काम बदललं. ही जनुकं प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात, त्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे हातोहात जातात. जिथे ॲट्राझिन वर्षानुवर्षं फवारलंय, तिथली माती ते भराभर संपवते. मलाही हे वाचताना कौतुक वाटतं. पण हा सराव दशकांचा आहे, सात दिवसांचा नाही. आणि दरवेळी होईलच असंही नाही. डीडीटी या कीटकनाशकाचं मोडून डीडीई हे दुसरं रसायन होतं आणि तेच मातीत दशकानुदशकं ठाण मांडून बसतं.

पारा-शिसं पचवतात म्हणे! अरे, ती मूलद्रव्यं आहेत, पचून जाणार कुठे? जिवाणू त्यांचं फक्त रूप बदलतात. काही जिवाणू पाऱ्याची वाफ करून हवेत सोडतात. ऑक्सिजन नसलेल्या गाळातले काही त्याचा मिथाइल पारा करतात, तो माशांत साठतो आणि माशांतून आपल्यात येतो.

प्लास्टिकवाला जिवाणू खरा आहे. जपानमधल्या साकाई इथे सापडला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने ३० अंश सेल्सिअसला पेट (PET, बाटल्यांचं प्लास्टिक) याची पातळ, कमी स्फटिकी म्हणजे रेणू विस्कळीत असलेली फिल्म सुमारे सहा आठवड्यांत संपवली. बाटलीचं पेट जास्त स्फटिकी, म्हणून जास्त चिवट. आणि पॉलिथिनच्या पिशवीत तो तोडतो तसला बंधच नसतो.

आत्याला यातलं निम्मंच लिहिलं: पाणी पिऊ नकोस, उकळूनही नको, कारण ते विष वाफ होऊन घरातच पसरतं. तपासायला देशील तेव्हा व्हायनिल क्लोराइडचा रकाना मागून घे. बराच वेळ उत्तर नाही. मग आलं: ‘बादली परवाच भरून ठेवलीय, तिचं काय करू?’

विहिरीपासून लांब, एखाद्या झाडाच्या बुडाशी ओत, म्हटलं.