पाहुण्यांना चहा, तलाठ्याला वही

गेला आठवडाभर आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. पुण्यातली नोकरी गेल्यापासून माझा मामेभाऊ रोज स्टेटस टाकतो: कुणी कुणाचं नसतं, वेळ आली की माणसं कळतात. सांगलीहून मामा लिहितात, आपलं दुःख असं चव्हाट्यावर मांडू नये. त्याची बहीण विचारते, मग काय आतल्या आत कुढायचं? इथे श्टुटगार्टमध्ये बसून मी हे वाचते, आणि मला दोघांचंही पुरतं पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझीही नोकरी गेली होती. जर्मनीत नोकरी जाणार हे अचानक कळलं, तर तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. चुकलात तर एका आठवड्याचा बेकारी भत्ता बुडतो. टेबलापलीकडच्या बाईंनी एकदाही 'अरेरे' केलं नाही. करार कधी संपतोय, मूल आहे का? मूल असेल तर भत्ता निव्वळ पगाराच्या ६७ टक्के, नसेल तर ६०. ते इतकं कोरडं वाटलं की बाहेर येऊन मी स्टेशनवर रडले. पण घरी पोचेपर्यंत पुढच्या महिन्यांचा हिशेब माझ्या हातात होता.

हळहळीऐवजी हिशेब मांडायचं हे शहाणपण काही मी इथे येऊन पहिल्यांदा पाहिलं असं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ ची. पाणी उतरल्यावर मी गावभागातल्या आमच्या घरी गेले, तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीला ओली रेघ आणि खाली चिकट काळा गाळ. भेटायला येणारे दारातूनच हळहळायचे. शेजारच्या माडीवरून थर्मासात चहा यायचा, माझे वडील, अण्णा, तो त्यांना द्यायचे, स्वतःबद्दल अवाक्षर नाही. मात्र शंभर पानी वहीत सगळं टिपलेलं: गव्हाची पोती दोन, शिलाई मशीन एक, गाद्या चार. पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा ती वही उघडून ओळीओळीवर बोट ठेवत त्यांनी वाचून दाखवली. आवाज चढला नाही, कापराही झाला नाही.

त्यांचा मला अभिमान वाटला. एक गोष्ट मात्र आजही सलते. आईशीसुद्धा ते काही बोलले नाहीत. तिच्या लग्नातल्या साड्यांचा गठ्ठा गाळातून निघाला आणि टँकरच्या पाण्यात तो ती एकटीच धूत बसली. मामांना हे दिसत नाही. गप्प राहणाऱ्याला आपण खंबीर म्हणतो आणि मोकळे होतो.

सांगावं जरूर. ज्याला काही करता येईल त्याला, आणि ज्याचा संसार आपल्याबरोबर बुडतोय त्याला. मन फारच खचलं तर १४४१६ वर सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं. स्टेटस बघणारी दोनशे माणसं 'काळजी घे' लिहितात, तासभर बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच हवं होतं.

काल रात्री मामेभावाला फोन केला. "ताई, कुणी विचारत नाही गं," इथपासूनच सुरुवात. ऐकून घेतलं. मग विचारलं, "घराचा हप्ता किती तारखेला जातो?"

बराच वेळ काही आवाज नाही.

"पाच तारखेला," तो म्हणाला. "खात्यात किती उरलेत, ते हिला अजून सांगितलं नाहीये."