मुंज, मेव्हणा आणि उलटा कॅमेरा

आमचं लग्न ठरताना घरच्यांनी गोत्र विचारलं, नाडी विचारली, पण मुलीचा भाऊ कुठला कॅमेरा वापरतो हे काही कुणी विचारलं नाही, आणि तिथेच घोळ झाला. मी निकॉनवाला, मेव्हणा कॅननवाला.

त्यामुळे भाऊबीजेचं ताट उचललं रे उचललं की आमचं सुरू. तो म्हणणार, "दाजी, ती ग्रिपवरची लाल टिकली सोडली तर तुमच्या निकॉनमध्ये आहे काय?" मग मी सांगणार की बाबा रे, ती टिकली म्हणजे परंपरा आहे, १९८० च्या निकॉन एफ ३ कॅमेऱ्याचं डिझाइन जुजारो नावाच्या इटालियन माणसाने केलं, लाल रेघ तेव्हापासूनची, आणि आपल्याकडे मॅटिझ गाडी होती ना, ती पण त्याच्याच कंपनीने डिझाइन केलेली. (मॅटिझचं नाव काढलं की सासरे जागे होतात आणि विषय पेट्रोलवर जातो, तरी मी दरवेळी काढतोच.) मेव्हणा मग कॅननच्या १९८६ च्या टी ९० चा विषय काढतो, लुइजी कोलानी नावाच्या डिझायनरने केलेला, सगळा गोल गोल, कुठे कोपरा म्हणून नाही, आणि म्हणतो की आज सगळ्यांच्या कॅमेऱ्याला जी हातात बसणारी ग्रिप आहे ना दाजी, ती आमच्याकडून शिकलेत सगळे. साडूचा मुलगा सोनीवाला आहे. त्याचा ए ७ थ्री बॅटरीसकट ६५० ग्रॅमचा, मेव्हण्याचा फाइव्ह डी मार्क थ्री लेन्स लावून दीड किलोच्या वर, त्यामुळे तो आमच्याकडे पाटा-वरवंटा वापरणाऱ्यांकडे बघावं तसं बघतो. मग मी आणि मेव्हणा मिळून त्याला विचारतो की एवढ्याशा कॅमेऱ्यावर तुझी करंगळी कुठे ठेवतोस रे? ह्या एकाच मुद्द्यावर आमचं एकमत आहे.

तर यंदा भाच्याची मुंज निघाली. आणि नेमका माझा निकॉन डी ९० दुरुस्तीला. मेव्हणा स्वतः मुलाचा बाप, म्हणजे पाटावर बसणार, म्हणून त्याने स्वतःचा कॅनन माझ्या गळ्यात घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी सिरियस फोटोग्राफर आहेत, त्यांना कुठलाही कॅमेरा चालतो." हे वाक्य त्याने मुद्दाम टाकलं होतं हे मला दुपारी कळलं.

पहिलं म्हणजे तो चालूच होईना. निकॉनला स्विच शटरच्या बटणाभोवतीच असतो, उजवं बोट नुसतं सरकवलं की काम झालं. मी बोट सरकवतोय सरकवतोय, हाताला काहीच लागत नाही, शेवटी म्हटलं बॅटरी गेली वाटतं. तेवढ्यात नऊ वर्षांच्या एका पोराने डावीकडचा स्विच सरकवून चालू करून दिला आणि पळाला. मोड डायलवर टीव्ही लिहिलेलं बघून एक काका म्हणाले, "अरे वा, ह्यात मॅच पण दिसते का?" आता तो शटर स्पीडचा मोड आहे हे त्यांना कुठे समजावत बसणार, म्हटलं, हो.

मातृभोजनाला जवळून फोटो हवे म्हणून ५० एमएम लावायला गेलो तर आधीची लेन्स निघेना. कशी निघेल, निकॉनची लेन्स एकीकडे फिरते, कॅननची बरोब्बर दुसरीकडे, माझं मनगट गेली पंधरा वर्षं एकाच दिशेला फिरतंय. मी दात-ओठ खाऊन फिरवतोय हे बघून मावशी आल्या, "द्या इकडे, लोणच्याच्या बरण्या आम्हीच उघडतो." मी दिली नाही. दीड लाखाचा ऐवज होता. पण तोवर आईने घास भरवून झाला होता आणि भाचा पाणी पीत होता.

खरा घात मंगलाष्टकांना झाला. शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, बाप-लेक एकमेकांकडे बघतायत, अक्षता उडतायत, म्हणजे ह्याच्यासाठीच तर गळ्यात दीड किलो घेऊन सकाळपासून उभा होतो मी. झूम इन करायला रिंग फिरवली, तर तीही उलटी! दोघं लांब गेले आणि फ्रेममध्ये आला पंखा, हॉलचा मॅनेजर आणि केटररचा वरणाची बादली घेतलेला मुलगा. एकदम छान शार्प आलाय तो.

बरं, फोटोचा उजेड तरी नीट असावा? माझ्या डी ९० च्या उजेड कमी-जास्त दाखवणाऱ्या पट्टीवर प्लस डावीकडे आणि मायनस उजवीकडे. कॅननवर प्लस उजवीकडे. त्यात कॅननच्या पाठीवर जे मोठं चाक असतं (चांगलंय ते, हे मेव्हण्याला सांगू नका) ते माझ्या अंगठ्याने चाळा म्हणून फिरवलं होतं, काटा उजवीकडे गेला, मला वाटलं फोटो काळे येतायत, आणि ह्यात सगळंच उलटं, म्हणून मी चाक अजून उजवीकडे फिरवलं. काटा अजून उजवीकडे. म्हटलं, काय अंधार आहे ह्या हॉलमध्ये! पुढची पस्तीस मिनिटं असेच फोटो काढले. शुभ्र धोतर, ताजा ताजा चमनगोटा आणि तीन स्टॉप जास्तीचा, म्हणजे आठपट उजेड, भाच्याचं डोकं कुठे संपतं आणि मागची भिंत कुठे सुरू होते ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सासूबाई मात्र फोटो बघून गहिवरल्या. "तेज बघा पोराचं," म्हणाल्या.

मेव्हण्याने सगळे फोटो शांतपणे बघितले, वरणाच्या बादलीवर जरा जास्त वेळ थांबला, आणि म्हणाला, "दाजी, ग्रिप कशी वाटली?"

"जड आहे," मी म्हटलं.

चार दिवसांनी माझा डी ९० परत आला. बायको समोर भाजी निवडत होती. मी कॅमेरा हातात घेतला, डावा अंगठा आपोआप डावीकडे स्विच शोधायला गेला, तिथे मोड डायल, तोच करकर फिरवत बसलो. तिने मान वर केली.

"बंद पडलाय का?"

"नाही नाही," म्हटलं, "आणि तुझ्या भावाला फोन करून काही सांगू नकोस."

ती गवारीच्या शिरा काढत नुसती हसली. रात्री फोन झालाच.