दुतोंड्या मारुती आणि तीन बॅक

नाशिककराला पूर मोजायला फूट-मीटर लागत नाहीत. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही एकमेकांना एवढंच विचारतो, "मारुती कुठवर?" गोदाकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे. त्याच्या पायांना पाणी लागलं की लोक मोबाइल घेऊन बघायला जातात, कमरेला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवतात, आणि गळ्याशी आलं की शाळकरी पोरं देवापुढे हात जोडतात, उद्या सुट्टी मिळू दे म्हणून.

मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबची अधोगती मी याच मापानं मोजत आलोय. २०१३ साली मॅनेजर फर्ग्युसनसाहेब आपलं तेरावं लीग विजेतेपद मिळवून घरी गेले, तेव्हा काठ कोरडा ठणठणीत होता. पुढच्याच वर्षी मोयसच्या हाताखाली सातवा नंबर, म्हणजे पाणी घोट्याला. २०२४ मध्ये आठवा, कंबर. आणि २०२५ च्या मे महिन्यात ३८ सामन्यांत १८ पराभव, ४२ गुण, नंबर पंधरावा. मारुती दिसायचाच बंद झाला. पाण्यावर थोडा शेंदूर तेवढा तरंगत होता.

आता तुम्ही म्हणाल, नाशिकच्या माणसाला मँचेस्टरचं काय पडलंय? रास्त आहे. फुटबॉल ही कोल्हापूरची गोष्ट. तिथे तालमीतालमींत भांडणं होतात, पण निदान स्वतःच्या गल्लीतल्या पोरांवरून होतात. आमच्याकडे मिसळ आहे आणि क्रिकेट आहे, तेवढ्यात भागवावं. पण १९९९ च्या मे महिन्यात, मध्यरात्री केबलवर, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या बायर्नविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत हरत असलेल्या या संघानं भरपाईच्या वेळेत दोन गोल केले, आणि ते मी आणि माझ्या थोरल्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, आवाज शून्यावर ठेवून पाहिले. तोंडात उशी कोंबून ओरडलो होतो. ती उशी अजून निघालेली नाही.

दादा पंचवटीत राहतो आणि सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. फुटबॉलचं त्याचं सगळं तत्त्वज्ञान शॉप फ्लोअरवरून आलेलं. "प्रॉडक्शन निघत नसेल तर माणूस बदलायचा. कारणं ऐकायची नाहीत." त्यामुळे पोर्तुगालहून आलेला रुबेन आमोरिम हा मॅनेजर त्याच्या मते पहिल्या महिन्यातच घरी जायला हवा होता. विरुद्ध पक्षात माझा भाचा. ताईचा मुलगा, कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि चौथ्यात जाईल की नाही हे आमोरिमच्या तेव्हाच्या भवितव्याइतकंच अनिश्चित आहे. त्याचं म्हणणं, वेळ द्या.

"मोठे मामा, मोयस काढला, व्हॅन गाल काढला, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग. पाच सुपरवायझर झाले. मशीन सुरू झालं का?"

"व्हॅन गालला तर कप जिंकल्यावर काढला," दादा म्हणतो. "शनिवारी कप, सोमवारी नारळ. याला तर कपही नाही."

"फर्ग्युसनला पहिला कप मिळायला साडेतीन वर्षं लागली होती!"

"फर्ग्युसन चार बॅक खेळवायचा!"

इथे गाडी हमखास तीन बॅकवर येते. आमोरिमचा संघ मागे तीन बचावपटू ठेवायचा. माझ्या आईलाही आता ते माहीत आहे, कारण आमच्याकडे मिसळीच्या टेबलावर पापडाचे तीन तुकडे मांडून ते समजावलं जातं. चौथा तुकडा ठेवावा की नाही यावर दोघांचा वाद होईपर्यंत रस्सा गार होतो आणि तो चौथा तुकडा मी खातो. या सगळ्या प्रकरणात मला झालेला फायदा एवढाच.

माझं मत काय, असं कुणी विचारलं की मी दचकतो. मला दादाचं बोलणं ऐकताना दादाचं पटतं आणि भाच्याचं ऐकताना भाच्याचं. यात खोटेपणा नाही, खरंच पटतं. पण दादाशी मला वर्षातून चार सणांना बसायचं असतं आणि भाच्याशी रोज सकाळी बाथरूमच्या नंबरावरून वाटाघाटी करायच्या असतात. म्हणून दादाला मी मेसेज करायचो, "काढायलाच हवा, हद्द झाली," आणि भाच्याला, "वेळ द्यायला हवा, लोकांना धीर नाही." दुतोंड्या मारुतीला एक तोंड पुढे, एक मागे. त्याला कुणी नावं ठेवत नाही. उलट हार घालतात.

मे २०२५ मधला युरोपा लीगचा बिल्बाओतला अंतिम सामना मी कसाबसा निभावला. टॉटनहॅमकडून एक-शून्यनं हरलो. तो संघ लीगमध्ये आमच्याही खाली, सतराव्या नंबरावर! आणि गंमत म्हणजे जिंकून देणाऱ्या त्यांच्या मॅनेजरला त्यांनी पंधरवड्यानंतर काढलं. यावर दादा म्हणाला, "बघ, बाकीचे कसे कडक असतात." भाचा म्हणाला, "बघ, लोक कसे मूर्ख असतात." मी दोघांनाही "अगदी" म्हणालो.

पण त्या हरण्याची खरी वसुली ऑगस्टमध्ये झाली. अंतिम सामना हरल्यामुळे युरोपातल्या कुठल्याही स्पर्धेत जागा नाही, आणि युरोपात जागा नाही म्हणून लीग कपमध्ये दुसऱ्याच फेरीपासून खेळायची पाळी. प्रतिस्पर्धी चौथ्या श्रेणीतला ग्रिम्सबी टाउन. सामना आपल्या वेळेनुसार रात्री साडेबाराला. तारीख २७ ऑगस्ट २०२५.

म्हणजे गणेश चतुर्थी.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. बाप्पा असताना समई विझू द्यायची नाही, हा आईचा दंडक. दर वर्षी तीच रात्री दोन-तीनदा उठून तेल घालते. त्या वर्षी मी म्हणालो, "तू झोप, मी जागतो." आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचीच लाज वाटली. तिनं शेजारच्या काकूंना फोन करून सांगितलंसुद्धा, की उशिरा का होईना, याला सुचलं. दादा आरतीला आला होता तो "काकू, मीही थांबतो सोबतीला" म्हणून राहिला. कुर्त्याच्या आत लाल जर्सी होती. बायकोला सगळं कळलं होतं. तिनं फक्त जाताना म्हटलं, "मोदक बाप्पाचे आहेत, मध्यंतराचे नाहीत."

मखर टीव्हीच्या समोरच्या भिंतीला होतं, त्यामुळे सामना बाप्पाला आमच्यापेक्षा सरळ दिसत होता. आवाज शून्यावर. १९९९ ची आठवण होऊन दादा थोडा हळवा झाला. बाविसाव्या मिनिटाला ग्रिम्सबीनं गोल केला आणि हळवेपणा गेला. तिसाव्या मिनिटाला दुसरा.

"चौथ्या श्रेणीचा संघ!" दादा कुजबुजला. कुजबुजून चिडणं फार अवघड असतं. सगळा राग कानांत जातो, कान लाल होतात. "आपला संघ म्हणजे नुसती आयात. कुन्या, एम्बेमो, शेश्को. कोट्यवधी पाउंड! आणि समोर कोण?"

"मासेमारीचं बंदर आहे ते," भाचा म्हणाला. "त्यांचे लोक मैदानात फुगवलेले मासे घेऊन येतात."

हे वाक्य त्यानं जरा मोठ्यानं म्हटलं. आतून आईचा आवाज आला, "घरात गणपती बसलाय आणि मासे कुणी आणलेत रे?"

मध्यंतराला तो अपघात झाला. मी तेलाची बुधली शोधायला स्वयंपाकघरात गेलो आणि फोन सोफ्यावर राहिला. परत आलो तर दोघंही शेजारी शेजारी बसून माझ्या स्क्रीनवर पाहत होते. नाव न बदलता पाठवलेला मेसेज तो. दादाला जायचा तो भाच्याला गेला होता. "दादा, तू म्हणतोस तेच खरं. या पोरांना फुटबॉल कळतो कुठे?"

भाच्यानं मग स्वतःचा फोन काढला. दादानं त्याचा. दहा महिन्यांचा पत्रव्यवहार आमने-सामने ठेवून त्यांनी वाचला. तारीखवार. एकाच पराभवानंतर, चार मिनिटांच्या अंतरानं, "काढा" आणि "वेळ द्या". ११ मे, १७ मे, २२ मे. आमच्या कंपनीत ऑडिटसुद्धा इतकं बारकाईनं होत नाही, आणि हे मी अकाउंट्समध्ये बसून सांगतोय.

"मामा," भाचा म्हणाला, "तू कुठल्या बाजूला आहेस?"

"मी युनायटेडच्या बाजूला आहे."

"अशी बाजू नसते," दादा म्हणाला. आणि आमोरिम आल्यापासून पहिल्यांदाच दोघं एकमेकांकडे पाहून समजूतदारपणे माना हलवू लागले. उत्तरार्धात ते दोघं सोफ्यावर, मी जमिनीवर. मोदक त्यांच्या बाजूला.

पंचाहत्तराव्या मिनिटाला एम्बेमोचा गोल. एकोणनव्वदाव्या मिनिटाला मॅग्वायरनं डोक्यानं बरोबरी साधली. मी ओरडलो. उशी नव्हती, म्हणून समोर जे हाताला लागलं ते तोंडावर धरलं. तो बाप्पाचा उपरणं घातलेला तक्क्या निघाला. आई बाहेर आली.

तिनं आधी समई पाहिली, मग टीव्ही, मग आम्हाला. काही न बोलता खुर्ची ओढून बसली. आयांना पेनल्टी शूटआउट समजावून सांगावं लागत नाही. एक मारतो, एक अडवतो, सोपं आहे. आमच्या गोलरक्षकानं एक अडवली. कुन्यानं पाचवी मारली की संपलं, घरी जायचं. कुन्याची अडवली गेली. मग पेनल्ट्या संपेचनात. सहा, सात, आठ. स्ट्रायकर म्हणून विकत आणलेल्या शेश्कोचा नंबर दहावा लागला, तेव्हा दादा आणि भाचा दोघं मिळून रागावले. मला वाटतं तीच युती मला सगळ्यात जास्त लागली.

मध्ये कॅमेरा आमोरिमवर गेला. मैदानात पाऊस, आणि हा डगआउटमध्ये मांडीवर बोर्ड घेऊन त्यावरच्या सोंगट्या सरकवतोय, असं सामन्यातलं दृश्य पुन्हा दाखवत होते.

"हा कोण?" आईनं विचारलं.

"मॅनेजर," तिघं एकदम म्हणालो. तीन वेगवेगळ्या सुरांत.

"सोंगट्या कसल्या हलवतोय?"

"संघ मांडतोय, आजी. तीन बॅक."

"मग ती पोरं त्याच्याकडे बघत का नाहीत?" आई म्हणाली. मी आजवर इंग्रजी समालोचकांची बरीच विद्वत्ता ऐकली आहे. इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

सव्वीस पेनल्ट्या झाल्या. सव्विसावी एम्बेमोनं क्रॉसबारवर मारली. १२-११. पावणेतीन वाजले होते. चौथ्या श्रेणीतल्या संघाकडून आम्ही बाहेर, आणि पडद्यावर लोक पावसात मैदानात धावत होते. काहीही म्हणा, इतकी आनंदी माणसं मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. चुकून मला त्यांच्यासाठी बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. एक तिसरं तोंड फुटलेलं त्या रात्री परवडलं नसतं.

समई मात्र छान तेवत होती. मी तेल घातलंच नव्हतं. बुधली मला सापडलीच नव्हती. आईनं तिच्या खोलीतून आणली, तेव्हा कळलं की ती दीडच्या सुमाराला येऊन तेल घालून गेली होती आणि तिघांपैकी एकालाही पत्ता लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला तिघंही झोपेतच चाललो होतो. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणताना दादाची जीभ किंचित अडखळली. भाच्यानं त्याच्याकडे पाहिलं. "बाप्पाला म्हणतोय रे," दादा म्हणाला.

पुढे बरेच दिवस तीन बॅक तसेच राहिले. पोपनं सांगितलं तरी मी पद्धत बदलणार नाही, असं आमोरिम सप्टेंबरात पत्रकारांना म्हणाला. "पोपचं नको ऐकूस," दादानं लिहिलं, "निदान माझ्या काकूचं ऐक." ग्रुपवर भाच्यानं या मेसेजला हसरा चेहरा टाकला. मला त्या नव्या ग्रुपमध्ये घेतलेलं नाही. भाच्याच्या खांद्यावरून वाचतो.

जानेवारीच्या पाच तारखेला आमोरिमला काढलं. सोमवार होता, मी ऑफिसात होतो. वाटलं होतं दादाचा विजयी फोन येईल. आला, पण सूर वेगळाच. "घाईच केली रे त्यांनी. लीड्सशी बरोबरी काही इतकी वाईट नव्हती." मी "अगदी" म्हणणार होतो, पण तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला, "मामा, खरं तर ग्रिम्सबीनंतरच काढायला हवा होता." मी फोन पालथा घातला आणि व्हाउचरं तपासायला घेतली. अख्ख्या आयुष्यात इतकी मन लावून तपासली नव्हती.

रात्री जेवताना भाच्यानं आईला सांगितलं.

"कोण, तो सोंगट्यावाला?" आईनं पोळी वाढता वाढता विचारलं. "काढला? मग त्याचा तो बोर्ड?"

"बोर्ड क्लबचा असेल, आजी."

"हं," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "तुला अजून एक वाढू, की या बाबतीतही दोन्हीकडून विचार करणार आहेस?"