‘यंत्राशिवाय घरी चांगली कॉफी होत नाही’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

घरची कॉफी हॉटेलसारखी का होत नाही, याची कारणे सांगणारा एक संदेश कौटुंबिक गटांवरून सतत फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : उकळते पाणी कॉफी जाळते, चिकोरी ही भेसळ आहे, पूड जितकी काळी तितकी कॉफी कडक, पाणी आरओचेच हवे, पूड फ्रिजमध्ये ठेवावी, आणि एवढे करूनही महागड्या यंत्राशिवाय खरी चव येणे अशक्य. यातल्या एकदोन विधानांत तथ्याचा अंश आहे, पण शेवटचे विधान वाचून लोक घरातला चांगला कॉफी फिल्टर (तळाला छिद्रे असलेल्या वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात कॉफी गळू देणारी स्टीलची जोडी) माळ्यावर टाकतात, म्हणून या सगळ्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पाण्यापासून सुरुवात करू. कॉफीच्या बिया भाजताना तापमान २०० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते, त्यामुळे १०० अंशांच्या पाण्याने ती पूड जळण्याचा प्रश्नच येत नाही. खरे एवढेच आहे की पाणी जितके गरम, तितका कडवट अंशही लवकर उतरतो, आणि म्हणून साधारण ९० ते ९६ अंशांची शिफारस केली जाते. पण पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या शहरात पाणी मुळात ९८ अंशांच्या आसपास उकळते, महाबळेश्वरला तर ९५-९६ अंशांनाच. शिवाय स्टीलचा थंड फिल्टर त्यातली बरीच उष्णता ओढून घेतो. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबले की पुरे. संदेशाला घाबरून पाणी पार निवू दिले तर मात्र अर्क नीट उतरत नाही आणि कॉफी आंबट, पाणचट लागते.

चिकोरीवरचा आरोप सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि सर्वांत जास्त अन्यायकारकही. चिकोरी म्हणजे कासनीचे मूळ. ते वाळवून, भाजून दळतात. आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. त्यात कॅफिन नसते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. म्हणजे न सांगता मिसळली तर ती भेसळ. सांगून मिसळली तर तो मिश्रणाचा एक प्रकार. संदेशात दिलेली परीक्षा, म्हणजे ग्लासभर थंड पाण्यावर चमचाभर पूड टाकून पाहणे, चुकीची नाही : कॉफी बराच वेळ तरंगते आणि चिकोरी तपकिरी रेघा सोडत खाली बसते. मात्र त्यातून चिकोरी आहे एवढेच कळते, आणि ७०:३० (कॉफी : चिकोरी) असे छापलेल्या पाकिटातली पूड तसे दाखवणारच. इन्स्टंट कॉफीला तर ही परीक्षा लागूच पडत नाही, कारण ती सगळीच विरघळते.

दक्षिणेतल्या अनेक घरांनी चिकोरी केवळ स्वस्त म्हणून स्वीकारली, असे म्हणणेही अपुरे आहे. कॉफीपेक्षा चिकोरीचा कितीतरी मोठा भाग पाण्यात विरघळतो. ती फुगून पाणी धरून ठेवते, त्यामुळे फिल्टरमधून थेंब सावकाश पडतात आणि डिकॉक्शन, म्हणजे खाली जमणारा कॉफीचा अर्क, दाट, गडद उतरते. भरपूर दूध घातल्यावरही जी चव टिकते, तिच्यामागे हा दाटपणा असतो. माझ्या मते दुधाच्या कॉफीसाठी ८०:२० हे प्रमाण उत्तम आहे. त्यापुढे जसजशी चिकोरी वाढते, तसतसा कॉफीचा स्वतःचा गंध दबत जातो. बिनदुधाची कॉफी पिणाऱ्यांनी चिकोरी टाळावी. निम्म्याच्या जवळपास चिकोरी असलेले पाकीट कॉफीच्या भावाने विकले जात असेल, तर ती तक्रार रास्त आहे. पण ती किमतीची तक्रार आहे, आरोग्याची नव्हे.

काळेपणा आणि कडकपणा यांची सांगडही अशीच फसवी आहे. भाजण्याने कॅफिन फारसे घटत नाही की वाढत नाही. कॅफिन किती, हे मुख्यतः जातीवर ठरते : अरेबिकाच्या बियांत ते वजनाच्या सुमारे सव्वा टक्का, तर रोबस्टात सुमारे दुप्पट असते. खूप भाजलेल्या पुडीचा कडवटपणा आपल्याला ‘कडक’ वाटतो, इतकेच.

आरओच्या पाण्याबाबतचा सल्ला तर बऱ्याचदा उलटा परिणाम करतो. काळ्या कॉफीत ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि चव उतरवायला त्यात थोडे कॅल्शियम, मॅग्नेशियम लागते. क्षार जवळजवळ काढून टाकलेल्या पाण्यात कॉफी सपक होते. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या जलाशयांचे पाणी मिळते आणि ते मुळातच मृदू आहे. ते गाळून, उकळून वापरावे, त्यावर आणखी आरओ कशाला? बोअरवेलचे जड पाणी असेल तिथे गोष्ट वेगळी. तिथे आरओचे आणि साधे पिण्याचे पाणी मिसळून पाहावे.

फ्रिजचे उत्तर थोडक्यात : डबा आतबाहेर करताना पुडीला दमटपणा येतो आणि शेजारच्या भाजीआमटीचा वासही लागतो. हवाबंद डबा, अंधारे कपाट आणि पंधरवड्यापुरतीच खरेदी, एवढे पुरेसे आहे.

आता यंत्र. एस्प्रेसोला, म्हणजे पुडीतून गरम पाणी जोराने ढकलून काढलेल्या दाट कॉफीला, सुमारे ९ बार (हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट) दाब लागतो आणि तो घरच्या फिल्टरमध्ये येत नाही, हे मान्य. पण एस्प्रेसो हा कॉफीचा एक प्रकार आहे, चांगल्या कॉफीची व्याख्या नव्हे. चव बिघडते ती बहुधा दळण्यात. मिक्सरमध्ये दळलेल्या पुडीत भुकटी आणि जाड कण एकत्र असतात. भुकटीतून कडू अंश उतरतो आणि जाड कणांतून अर्क अर्धाच निघतो. म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी चांगल्या ग्राइंडरवर करावा, किंवा माटुंग्यातल्या दुकानांत मिळते तशी डोळ्यांसमोर दळलेली ताजी पूड थोडी थोडी आणावी.

फिल्टरच्या वरच्या भांड्यात २० ग्रॅम पूड घ्यावी, भांडे हलवून ती सपाट करावी आणि फिल्टरसोबतची छिद्रांची चकती पुडीवर नुसती टेकवावी. दाबली तर पाणी अडते. त्यावर १२० मिलिलिटर गरम पाणी गोल फिरवत ओतून झाकण लावावे. पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासात सुमारे ८० मिलिलिटर डिकॉक्शन खाली जमते. पाणी दोन मिनिटांत खाली गेले तर पूड जाड आहे. तासाभरानेही थेंब पडत नसेल तर पूड फार बारीक आहे किंवा छिद्रे बुजली आहेत. बुजलेली छिद्रे मोकळी करायला रिकामे स्टीलचे भांडे गॅसच्या आचेवर क्षणभर धरून, निवल्यावर ब्रशने घासावे. दूध वेगळे उकळून त्यात डिकॉक्शन घालावे आणि मग ते पुन्हा आचेवर ठेवू नये, कारण त्या उकळीत सुगंध उडून जातो. जायफळ आवडत असेल, तर तेही कप भरल्यावर वरून किसावे.