‘दूध पाजा, आठवड्याने सोडा’ म्हणणाऱ्या संदेशाचं काय चुकतं

जळगाव-धुळ्याकडच्या मोबाइलवर एक सल्ला फिरत असतो: मांजरीचं पिल्लू दिसलं की उचला, गाईचं कोमट दूध पाजा, कापसात गुंडाळा, डॉक्टरची गरज नाही, आठवड्याने अंगणात सोडा. सल्ला मायेपोटी दिलेला आहे, म्हणूनच लोक तो तंतोतंत पाळतात आणि पिल्लू दगावतं.

‘दिसलं की उचला’ इथपासूनच घोळ आहे. पऱ्हाटीच्या ढिगात किंवा धाब्यावरच्या अडगळीत एकटं दिसलेलं पिल्लू टाकून दिलेलंच असतं असं नाही. आई शिकारीला जाते, शिवाय जागाही बदलते. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते यामुळेच. पोट भरलेलं, अंग कोरडं आणि उबदार, पिल्लू शांत झोपलेलं असेल तर तीन-चार तास लांबूनच बघा. भोवती चिमूटभर पीठ भुरभुरवलं तर आई येऊन गेल्याचं पावलांवरून कळतं. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते, हेही खरं नाही. मात्र पिल्लू गार किंवा ओलं असेल, सारखं ओरडत असेल, मुंग्या लागल्या असतील किंवा मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली पडलं असेल, तर वाट बघू नका.

आता दूध. गाईच्या दुधात पिल्लाला पुरतील इतकी प्रथिनं आणि स्निग्धांश नसतात, आणि त्यातल्या दुग्धशर्करेने जुलाब लागतात. शंभर ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे काही तासांत पाणी संपणं. शेळीच्या दुधातही ही साखर जवळपास तितकीच असते. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते; तालुक्याच्या गावी ती लगेच हाती लागेलच असं नाही, म्हणून पिल्लं सांभाळणाऱ्या घरात एक डबा आधीच असावा. अगदीच अडलं तर 240 मिली सायीसकट दूध, दोन अंड्यांचे पिवळे बलक आणि चमचाभर खाद्यतेल घुसळून एक-दोन दिवस भागवता येतं, त्यापुढे नाही.

पण पाजण्याआधी ऊब. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. पोटात गेलेलं दूध तसंच पडून कुजतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे ऊब नको झाली की पिल्लाला सरकता येईल. धुळ्याच्या थंडीत रात्री बाटली बदलावी लागते. उन्हाळ्यात उलटं: पारा 44-45 वर गेला की खोका कूलरच्या थेट झोतात न ठेवता घरातल्या गार कोपऱ्यात ठेवायचा.

पाजताना पिल्लू पालथं असलं पाहिजे. बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. आमच्या मते उपासमारीपेक्षा हीच चूक जास्त पिल्लं घेते. 100 ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी 3 ते 4 मिली, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सिरिंज असेल तर थेंब-थेंब. नंतर ओल्या कापसाच्या बोळ्याने शेपटीखाली हलकेच पुसायचं. साधारण तीन आठवड्यांपर्यंत शी-शू आपली आपण होत नाही. रोज एकाच वेळी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ हवी. वजन दिवसभर वाढलंच नाही तर डॉक्टरकडे.

कापसाचा उपयोग पुसण्यापुरताच. आपल्याकडे तो घरात असतोच म्हणून अंथरला जातो, पण धागे नखांत अडकतात, पायाला पीळ बसतो, तोंडात जातात. जुन्या सुती साडीचा तुकडा बरा.

‘डॉक्टरची गरज नाही’ हे सर्वात महागात पडतं. घरात आधीचं मांजर असेल तर नवं पिल्लू दोन आठवडे वेगळ्या खोलीत, भांडी वेगळी. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य आजाराचा विषाणू जागेवर वर्षभर टिकू शकतो. फरशी साबणाने धुऊन, लिटरभर पाण्यात 30 मिली ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवा, मग स्वच्छ पाण्याने पुसा. फिनाईल मात्र नको: मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. तापावरची पॅरासिटामॉल तर एका गोळीत जीव घेते, आणि कुत्र्याची गोचीड पावडरही तशीच घातक. जंताचं औषध दोन आठवड्यांपासून, तिहेरी लस सहा-आठ आठवड्यांपासून, रेबीजची बारा आठवड्यांना. चावा बसला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन सरकारी दवाखाना गाठा.

घरात गरोदर बाई असेल तर मांजर हाकलायची गरज नाही. मांजराच्या शी-शूचं मातीचं तसराळं रोज साफ व्हावं आणि ते दुसऱ्याने करावं. मांजराच्या शीतून पसरणाऱ्या, पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची बीजं संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो.

चार आठवड्यांनंतर ओलं खाणं सुरू. शाकाहारी घरात दूध-भाकरीवर निभावतं असं मानतात. मांसातून मिळणारं टॉरिन हे मांजराला आवश्यक पोषकद्रव्य न मिळाल्याने त्यातून डोळे आणि हृदय जातात. शेवभाजीचा रस्सा, भरीत तर नकोच, त्यातला कांदा-लसूण रक्तपेशी फोडतो.

आणि ‘आठवड्याने सोडा’? पिल्लू आठ आठवड्यांआधी स्वतंत्र होत नाही. पाळलेला प्राणी सबळ कारणाशिवाय टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. घर शोधून द्यायचं, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात नसबंदी करण्याची अट घालूनच. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात; एक वेत अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लू देताना चार-पाच दिवसांचं नेहमीचं खाणं सोबत बांधून द्या, खाणं एकदम बदललं की जुलाब होतात.