पायरसीनं व्हिडिओवाला मेला म्हणे!

आपल्या इकडच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून राहिला आहे: "गावातला व्हिडिओवाला इमानदार माणूस, पायरसीनं त्याला मारलं, कायदा झोपला होता आन् लोकाईले सगळं फुकटातच पाहिजे होतं." फिरू द्या म्हणा, पण तालुक्याची काही पोट्टी आता याच्यावरच डार्क कॉमेडी शॉर्ट फिल्म करायला निघाली, स्क्रिप्ट मला वाचायला पाठवली, म्हणून लिहितो.

इमानदार? अरे बाप्पा. 1982 च्या एशियाडच्या वेळी कलर टीव्ही आला, कॅसेट लावायचा व्हीसीआर पण त्याच सुमारास पसरला, मग लग्नात, गणपतीत टीव्ही, व्हीसीआर आन् जनरेटर असा सगळा सेट भाड्यानं यायचा, बंडीत गादीवर ठेवून, आन् रात्रभर तीन पिक्चर. मधातच पडद्यावर मुंग्या आल्या की हा व्हिडिओवाला व्हीसीआरचं झाकण उघडणार, खिशातली कोरी नोट काढून आतल्या हेडवर फिरवणार, परत चालू. त्या कॅसेटवर कंपनीचं नाव कुठं होतं सांगा बरं? स्केचपेननं लिहिलेलं नाव, कॉपीची कॉपी, हिरो कोण हे आवाजावरून ओळखा. सीडी आली तेव्हा तं झेरॉक्सचं कव्हर, आत हॉल प्रिंट, म्हणजे थेटरात कॅमेरा लावून चोरलेला पिक्चर, ऐन फायटिंगमध्ये समोरचा माणूस उठून लघवीले जाते. गावात पायरसी आणली कोणी मग? यानंच. तीस वर्षं त्याच्यावर घर चालवलं आन् आता त्याचा फोटो हार घालून फिरवता. (माझा राग नाही हं त्याच्यावर, आमचं सगळं बालपण त्याच्याच भरवशावर गेलं.)

कायदा झोपला होता हे पण चूक. कॉपीराइट कायदा 1957 चा, 1984 मध्ये खास व्हिडिओसाठी त्यात दुरुस्ती झाली, सहा महिने ते तीन वर्षं कैद आन् 50 हजार ते 2 लाख दंड आहे. महाराष्ट्रानं तं गुंड, हातभट्टीवाल्यांच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट पण घातले. कायदा जागाच होता, आपल्या फाट्यापर्यंत आला नाही.

आन् "लोकाईले फुकट पाहिजे" हे वाचून तं डोकंच फिरलं. मोजर बेअर कंपनीनं 28 रुपयाला ओरिजिनल व्हीसीडी काढली तेव्हा बाजाराच्या दिवशी लोक घेतच होते ना. मेमरी कार्डात गाणी भरून द्यायला मोबाईलवाला पैसे घ्यायचा, तेही लोक देत होते, म्हणजे चोरीच्या मालाले पण पैसे मोजणारी जनता आहे आपली! आन् आपली पूर्व विदर्भातली झाडीपट्टी पहा. दिवाळी झाली की वडसा गावच्या नाटक कंपन्या गावोगाव, मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) असो का शंकरपट (बैलांची शर्यत), रातभर नाटक, तिकीट काढून, थंडीत चादर घेऊन बसतात लोक. त्याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. फुकट्यांच्या मुलखात हे चाललं असतं का?

मग दुकान गेलं कशानं? आधी डिश. 2004 च्या डिसेंबरपासून दूरदर्शनची फुकट डिश आली, एकदा छत्री बसवली की महिन्याचं भाडं नाही. मग मेमरी कार्ड, मग सप्टेंबर 2016 ला जिओ. सीडी आणा, ओरखडा पडला म्हणून भांडा, परत नेऊन द्या, एवढी कटकट कोण करेल, पिक्चर ओरिजिनल असो का चोरीचा.

आन् मेलं तरी कुठं? तेच शटर, तोच माणूस, आता रिचार्ज मारते आन् सातबारा प्रिंट करून देते, पाटीवरचं "व्हिडिओ" खोडलं फक्त.

म्हणून पोट्टेहो, स्क्रिप्टमधला तो रडका शेवट काढा. व्हिडिओवाल्याले ठाण्यात पाठवा पायरसीची तक्रार द्यायला, ठाणेदारानं विचारावं की चोरी गेलेल्या मालाचं बिल दाखव, आन् यानं झोऱ्यातून स्केचपेननं लिहिलेल्या कॅसेटा एकेक टेबलावर मांडाव्या. ठाणेदारानं त्यातली एक उचलावी, हळूच म्हणावं, "हे लावता येते का बे?"