नारायणपूरचा आश्रम गप्प का राहिला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण तिच्यातलं निम्मं मला लागलं.

माओवादी आणि सुरक्षा दलांच्या लढाईत सापडलेल्या, छत्तीसगडातल्या नारायणपूरच्या रामकृष्ण मिशन आश्रमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "चहूकडे माणसं मरत असताना या लोकांनी कुणाचा निषेध केला नाही. धर्मादाय संस्थांना गप्प राहणं सोयीचंच असतं. वर माडिया पोरांना संस्कृत प्रार्थना शिकवायच्या आणि त्याला सेवा म्हणायचं. माझी आजी गोंडी बोलायची, मला येत नाही. असंच संपतं सगळं."

आधी गप्प राहण्याबद्दल. राजकारणाशी संबंध ठेवायचा नाही, असा मिशनचा १८९७ पासूनचा नियम आहे. पण मी त्या नियमाच्या आड लपणार नाही, माझ्यासमोर घडलेलं सांगते. साधारण पंधरा वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका मंडळाबरोबर मी दक्षिण गडचिरोलीतल्या एका गावात ब्लँकेटं वाटायला गेले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, गावाच्या नावासकट. आम्ही खूश. महिन्याभराने निरोप आला की फोटोत पुढे उभ्या असलेल्या गावपाटलाला जंगलातल्या माओवाद्यांनी रात्री उठवून नेलं होतं. शहरातले कोण आले, काय विचारून गेले, तू त्यांना काय सांगितलंस. तो परत आला, तर दुसऱ्या बाजूनेही त्याच फोटोवरून चौकशी. त्या माणसाने एक ब्लँकेट घेतलं होतं. पुढे आठ महिने तो घरी झोपला नाही. त्यानंतर मी कुठल्याही वाटपाचा फोटो काढू दिलेला नाही, आणि बाहेरच्या माणसाच्या एका शब्दाची किंमत तिथे कोण मोजतं हे मी विसरलेले नाही.

आता नारायणपूर पाहा. आश्रम १९८५ चा. मागे माडिया गोंडांचं अबूझमाडचं जंगल, ज्याची स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं महसुली मोजणी झाली नव्हती आणि जिथे २००९ पर्यंत बाहेरच्यांच्या प्रवेशावर निर्बंध होते. आश्रमाने नारायणपुरात निवासी शाळा आणि दवाखाना काढला आणि आत आकाबेडा, कच्चापाल, कुतुल अशा ठिकाणी शाळा आणि रेशनची दुकानं चालवली. कुतुल ही माओवाद्यांची राजधानी म्हणूनच ओळखली जायची. २००५ नंतर सल्वा जुडूम या सरकारी पाठबळाच्या माओवादविरोधी मोहिमेच्या काळात दंतेवाडा-बिजापूरकडे गावंच्या गावं छावण्यांत आली. शाळांच्या इमारतींत सुरक्षा दलं उतरायची आणि त्याच शाळा माओवादी उडवून द्यायचे. अशा मुलखात जी संस्था आत मीठ-तांदूळ पोचवते, तिने पत्रक काढावं असं तुम्हाला वाटतं. पत्रकानंतर दुकानाला कुलूप लागलं असतं, तर त्या मिठासाठी दिवसभर चालत बाजार गाठणाऱ्या बाईला आपण काय सांगितलं असतं? माझ्या मते ते मौन सोयीचं नव्हतं, दार उघडं ठेवण्यासाठी मोजलेली किंमत होती.

हे पुरेसं आहे असं मात्र मी म्हणत नाही. आश्रमाने गप्प राहावं. नागपूरच्या धंतोलीत सुरक्षित बसलेल्या माझ्यासारखीला ती सवलत नाही. म्हणून मी बोलते. दंतेवाड्याकडच्या ताडमेटल्यात एप्रिल २०१० मध्ये माओवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जवान मारले गेले, ती कत्तल होती. सरकारने आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देऊन त्यांना त्यांच्याच भाऊबंदांवर सोडणं हा अन्याय होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. मागच्या लेखात ही दोन्ही वाक्यं असायला हवी होती. ती नव्हती, हा दोष माझा आहे, आश्रमाचा नाही.

तुम्ही नागपूरचे, म्हणून एक गोष्ट सांगते. या कामामागचे स्वामी आत्मानंद हे मूळचे तुलेंद्र वर्मा. छत्तीसगडातल्या खेड्यातला हा मुलगा इथे नागपुरात गणित घेऊन एम.एस्सी. झाला. धंतोलीच्या रामकृष्ण मठाशी त्याचा संबंध तेव्हाचाच. आयएएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही मुलाखतीला गेला नाही. नारायणपूरचं काम सुरू होऊन चार वर्षं होतात न होतात तोच, ऑगस्ट १९८९ मध्ये राजनांदगावजवळ अपघातात ते गेले. संध्याकाळी मठात आरतीला बसले की मला हटकून त्यांची आठवण येते. कलेक्टर होऊन जिथे जाता आलं असतं, तिथे ते शिधा आणि पाटी घेऊन गेले.

पण तुमच्या आजीचं काय? इथे मी वाद घालणार नाही. पहिलीपासून वसतिगृहात राहिलेलं पोर वाचायला शिकतं, फुटबॉल उत्तम खेळतं (२०२४ मध्ये वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा याच आश्रमाच्या मैदानावर झाली), पण काकसारच्या, म्हणजे गावाच्या नाचगाण्याच्या सणाच्या, रात्री गावात नसलेल्या पोराला ती गाणी कोण देणार? प्रार्थनेत वाईट काही नाही, मी रोज म्हणते. ती एकटीच उरली आणि घरचे देव परके झाले, तर मात्र काहीतरी हिरावलं गेलं. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडियांचे सोयरे अबूझमाडात आहेत. राज्यांची सीमा मध्ये आली तरी भाषेने त्यांना धरून ठेवलं होतं. बंदुकांतून वाचलेली भाषा शाळेत हरवू नये, एवढं मला कळतं. आश्रमाचं काम मला प्रिय आहे, म्हणून हे मी त्यांनाही पत्राने लिहिणार आहे.

मागच्या लेखात मी "या मुलांना मुख्य प्रवाहात आणलं" असं लिहिलं होतं. ते वाक्य आज काढलं. त्या जागी काय लिहावं ते तुम्ही सुचवा. आजीचा एखादा गोंडी शब्द आठवत असेल तर तोच कळवा, मी तसाच छापीन.